मानवशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज : तयारी आपल्या गावापासून

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की 'पुढे काय?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. स्पर्धा परीक्षा, बी.एड., एम.बी.ए., नर्सिंग, समाजकार्य अशी ठरावीक उत्तरे पुढे येतात. मानवशास्त्राचे नाव त्यांत क्वचितच असते. असलेच तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतील एक सोयीचा वैकल्पिक विषय म्हणून. परंतु गेल्या काही वर्षांत कोल्हापूर, सांगली, सातारा परिसरातील काही तरुण-तरुणी ह्या विषयात एम.ए. किंवा पीएच.डी. करण्याचा विचार गंभीरपणे करू लागले आहेत. अर्ज कसा करावा, अर्जात काय लिहावे, गुण बेताचे असतील तर काय, इंग्रजी कच्चे असेल तर काय, पैसे कोठून आणावेत, असे त्यांचे प्रश्न असतात. ह्या प्रश्नांची क्रमवार उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय आहे तरी काय?

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा समग्र अभ्यास. माणसाची शारीरिक जडणघडण व उत्क्रांती, त्याचा प्राचीन भूतकाळ, त्याची भाषा आणि त्याचे सामाजिक-सांस्कृतिक जीवन ह्या चार अंगांनी तो केला जातो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ही चारही अंगे एकाच विभागात शिकवली जातात. ब्रिटनमध्ये सामाजिक मानवशास्त्रावर अधिक भर असतो. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात १९२० च्या सुमारास ह्या विषयाचे अध्यापन सुरू झाले आणि १९४५ मध्ये भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही शासकीय संस्था स्थापन झाली.

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र ह्यांच्या सीमारेषा आज बऱ्याच पुसट झाल्या आहेत. तरीही मानवशास्त्राची एक खूण ठळक आहे, ती म्हणजे क्षेत्रकार्य. लोकांमध्ये दीर्घकाळ राहून, त्यांची भाषा बोलून, त्यांच्या कामात व सणावारात सहभागी होऊन केलेले निरीक्षण हा ह्या शास्त्राचा पाया होय. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की ह्यांनी १९१५ ते १९१८ ह्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहून केलेल्या कामामुळे ही पद्धत रूढ झाली. म्हणूनच निवड समिती अर्ज वाचताना केवळ गुणपत्रिका पाहत नाही. हा विद्यार्थी लोकांत जाऊन ऐकू शकेल काय, पाहिलेले नीट लिहू शकेल काय आणि त्यातून विचार मांडू शकेल काय, हे ती पाहते. अर्ज बळकट करणे म्हणजे ह्या तीन गोष्टींचा पुरावा देणे.

तीन मराठी उदाहरणे

ह्या वाटेने जाणारे आपण पहिले नाही. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसांनी ही वाट तुडवली आहे आणि त्यांच्या उदाहरणांतून आजच्या अर्जदारालाही शिकता येते.

पहिले उदाहरण गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांचे. १८९३ मध्ये मालवण येथे जन्मलेले घुर्ये मुळात संस्कृतचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडीस हे त्याचे प्रमुख झाले. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी निवड करताना गेडीस ह्यांनी घुर्ये ह्यांना निबंध लिहावयास सांगितले. घुर्ये ह्यांनी नागरी केंद्र म्हणून मुंबई शहराचा विचार करणारा निबंध लिहिला आणि त्याच्या बळावर त्यांची निवड झाली. संस्कृतचा हा विद्यार्थी प्रथम लंडनला आणि नंतर केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स ह्यांच्याकडे गेला. परतल्यावर १९२४ पासून १९५९ पर्यंत त्यांनी मुंबईच्या विभागाचे नेतृत्व केले. ह्यातील बोध साधा आहे. विषय बदलून येणाऱ्या विद्यार्थ्यालाही दार उघडे असते, आणि ते उघडते ते डोळ्यांसमोरच्या वास्तवावर केलेल्या चांगल्या लेखनाने.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर ह्यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास ह्या विषयावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध वाचला त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. जातीचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते. पण निबंधात त्यांनी केवळ वेदना मांडली नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि ज्ञानकोशकार केतकर ह्यांच्या व्याख्या एकामागून एक तपासल्या, त्यांतील उणिवा दाखवल्या आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हा आपला सिद्धांत पुराव्याने उभा केला. स्वानुभव हे भांडवल आहे. मात्र शास्त्रात त्याला युक्तिवादाचे रूप द्यावे लागते.

तिसरे उदाहरण इरावती कर्वे ह्यांचे. फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकून त्या घुर्ये ह्यांच्या विद्यार्थिनी झाल्या आणि १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्या शिक्षणासाठी जीवराज मेहता ह्यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले होते. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध जोडता येतो काय, हे इरावतीबाईंनी मोजमापे घेऊन तपासले. असा संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. परक्या देशात, कर्ज काढून शिकणाऱ्या तरुण स्त्रीने गुरूच्या मताविरुद्ध पुराव्याची बाजू घेतली. आपले गृहीतक खोटे ठरू शकते, ही तयारी ज्याच्या अर्जात दिसते त्याच्यावर परीक्षक विश्वास ठेवतात.

विषय नको, प्रश्न हवा

कमकुवत अर्जाची पहिली खूण म्हणजे मोघमपणा. 'मला कोल्हापूरच्या संस्कृतीचा अभ्यास करावयाचा आहे', 'मला आदिवासींसाठी काही तरी करावयाचे आहे', 'मला माणसांविषयी लहानपणापासून कुतूहल आहे' ही वाक्ये प्रामाणिक असतील, पण त्यांवरून अर्जदार काय करणार हे कळत नाही. त्याऐवजी एखादा प्रश्न मांडावा. असे प्रश्न आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहेत.

उदाहरणार्थ, २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांना पुन्हा पुन्हा वेढले. पाणी ओसरल्यावर कुटुंबे त्याच घरी परततात. का परततात? शेतीपासून दूर जाणे परवडत नाही म्हणून, की देव, भावकी आणि स्मशान तेथे आहे म्हणून? घरात परतण्याचा निर्णय कोण घेते आणि त्यात स्त्रियांचा शब्द किती असतो?

दुसरा प्रश्न कोल्हापुरी चपलेचा. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपुरा अशा आठ जिल्ह्यांना मिळून ह्या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात तशाच चपला सुरुवातीस कोल्हापूरचा उल्लेख न करता दाखवल्या आणि मोठा वाद झाला. वर्तमानपत्रांनी 'कोल्हापूरचा अभिमान' दुखावला असे लिहिले. परंतु चामडे कमावणाऱ्या आणि चप्पल शिवणाऱ्या कारागिराला ह्या अभिमानात कोणते स्थान आहे? ज्या कामामुळे त्याच्या आजोबांना गावाबाहेर राहावे लागले, त्याच कामाला आज 'वारसा' म्हटले जाते, तेव्हा त्याला काय वाटते? त्याचा मुलगा हा व्यवसाय पुढे चालवू इच्छितो काय? हा खरा मानवशास्त्रीय प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न नात्यांचा. मामाच्या मुलीशी विवाह आपल्या भागातील अनेक समाजांत आजही चालतो. उत्तर भारतात तो सहसा निषिद्ध मानतात, दक्षिणेत तो रूढ आहे. महाराष्ट्र हा ह्या दोन पद्धतींच्या संगमाचा प्रदेश आहे, हे इरावतीबाईंनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात दाखवले. शिकलेल्या पिढीत ही प्रथा टिकून आहे की मोडत आहे? तालमी, गुऱ्हाळे, इचलकरंजीचे यंत्रमाग, ऊसतोड मजुरांच्या हंगामी वस्त्या, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा ही यादी कितीही वाढवता येईल. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर मराठी शिकून धनगरांबरोबर हिंडले आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा ह्यांवर त्यांनी मूलभूत ग्रंथ लिहिला. जे पाहावयास ते इतक्या दुरून आले, ते आपल्या वाटेवर आहे.

पदवीच्या काळातच थोडे क्षेत्रकार्य करावे

अर्जात 'मला क्षेत्रकार्याची आवड आहे' असे लिहिण्यापेक्षा 'मी सहा महिने दर रविवारी अमुक बाजारात बसून नोंदी केल्या' असे लिहिता येणे केव्हाही श्रेष्ठ. त्यासाठी अनुदान लागत नाही. एक वही, वेळ आणि संयम लागतो.

सुरुवातीला एकच लहान जागा निवडावी, जसे एखादे गुऱ्हाळ, एक तालीम, एक बचत गट, एक चप्पल कारागिराचे घर. तेथे नियमित जावे. त्याच दिवशी रात्री तारखेसह नोंद लिहावी. काय पाहिले, कोण काय म्हणाले आणि मला काय वाटले, ह्या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. लोकांचे शब्द त्यांच्याच बोलीत टिपावेत, कारण एखाद्या शब्दात संपूर्ण जीवनदृष्टी दडलेली असते. चार-पाच घरांच्या वंशावळी काढाव्यात. रिव्हर्स ह्यांनी १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत हीच पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने वापरली होती. कोणाचे लग्न कोणत्या गावी झाले, जमीन कोणाकडे गेली, घर सोडून कोण गेले, हे वंशावळीतून आपोआप उलगडते.

महाराष्ट्रातच ह्याची आदर्श उदाहरणे आहेत. हेमा राइरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवां ह्यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. ह्या मंडळींनी वेळीच ऐकले नसते, तर त्या ओव्यांबरोबर असंख्य स्त्रियांचे मनोगतही लोपले असते. इरावती कर्वे आणि जाई निंबकर ह्यांनी कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली व ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाची वीज सर्वांना दिसत होती, उठलेली गावे कोणी तरी जाऊन पाहावी लागली. आपल्या वाचकांना हेही ठाऊक असावे की ऑस्ट्रियाहून आलेले दिव्यवाणी संघाचे धर्मगुरू स्टीफन फुक्स ह्यांनी मध्य भारतातील बलाही, गोंड, कोरकू ह्या समाजांत वर्षानुवर्षे काम करून ग्रंथ लिहिले आणि १९५० मध्ये मुंबईत ह्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली.

हेतुपत्र कसे लिहावे?

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' अर्थात हेतुपत्र. ते साधारणपणे दोन पानांचे असते. त्यात पाच प्रश्नांची उत्तरे असावीत.

१. माझा प्रश्न कोणता? हे पहिल्या परिच्छेदातच यावे. थोरांची वचने, बालपणीच्या आठवणी, भारतीय संस्कृतीच्या महतीची वाक्ये ह्यांत जागा दवडू नये.

२. ह्या प्रश्नावर आजवर कोणी काय लिहिले आहे? दोन-तीन ग्रंथ किंवा लेख खरोखर वाचलेले असावेत आणि आपण त्यांच्याशी कोठे सहमत आहोत व कोठे नाही, ते सांगावे.

३. माझी तयारी काय? शिकलेले विषय, केलेले क्षेत्रकार्य, येणाऱ्या भाषा, पूर्वीची नोकरी. कापड दुकानात केलेले काम किंवा आशा सेविका असलेल्या आईबरोबर केलेली घरोघरची फेरी हीदेखील तयारीच होय, मात्र त्यातून काय शिकलो ते लिहिता यावे.

४. मी हा अभ्यास कसा करणार? कोणत्या गावी, कोणाशी बोलून, किती काळ राहून.

५. हेच विद्यापीठ का? येथे प्राध्यापकांची नावे व त्यांचे काम माहीत असणे आवश्यक असते. 'आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे' हे वाक्य विद्यापीठाला ठाऊक असतेच.

एकच हेतुपत्र दहा ठिकाणी पाठवणारा अर्जदार सहज ओळखू येतो. पैसे घेऊन हेतुपत्र लिहून देणारे एजंट आणि क्षणात मजकूर तयार करणारी संगणकीय साधने ह्यांपासूनही सावध राहावे. भाषा गुळगुळीत होते, पण माणूस हरवतो. शिवाय अनेक विद्यापीठे असे लेखन अप्रामाणिकपणा मानतात. भाषेच्या चुका एखाद्या शिक्षकाकडून तपासून घेण्यात मात्र काहीच गैर नाही.

कमी गुण, मधले रिकामे वर्ष, बदललेली शाखा ह्यांविषयी दोन वाक्यांत सरळ लिहावे. वडिलांच्या आजारपणामुळे वर्ष गेले असेल तर तसे सांगावे. रडगाणे नको आणि लपवाछपवीही नको.

लेखनाचा नमुना आणि शिफारसपत्रे

परदेशातील अनेक विद्यापीठे वीस पानांपर्यंतचा लेखनाचा नमुना मागतात. घुर्ये ह्यांच्या त्या निबंधाचेच हे आजचे रूप आहे. पदवीच्या प्रकल्पाचे उत्तम प्रकरण निवडावे, ते दोनदा-तीनदा पुन्हा लिहावे आणि एखाद्या परखड शिक्षकाला वाचावयास द्यावे. ग्रंथांतून उतरवलेल्या वीस पानांपेक्षा स्वतः गोळा केलेल्या माहितीवरची दहा पाने मोलाची ठरतात. मूळ लेखन मराठीत असेल तर स्वतःच काळजीपूर्वक भाषांतर करावे.

शिफारसपत्रे बहुधा दोन किंवा तीन लागतात. येथे आपल्या समाजात एक गैरसमज फार आहे. आमदार, नगरसेवक, कारखान्याचे अध्यक्ष किंवा धर्मग्रामाचे प्रमुख गुरू ह्यांचे शिक्का मारलेले पत्र वजनदार असते असे पालकांना वाटते. अशी पत्रे सद्वर्तनाचा दाखला म्हणून ठीक आहेत. शैक्षणिक शिफारसपत्राची जागा ती घेऊ शकत नाहीत. ज्या प्राध्यापकांनी तुम्हांला शिकवले, तुमचा प्रकल्प तपासला, वर्गात तुमच्याशी वाद घातला, त्यांचेच पत्र हवे. त्यांना किमान सहा आठवडे आधी विनंती करावी. हेतुपत्राचा मसुदा, गुणपत्रिका, प्रकल्पाची प्रत आणि अंतिम तारखांची यादी त्यांच्या हाती द्यावी. पत्र त्यांच्या महाविद्यालयीन ई-मेलवरून जाईल हे पाहावे. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे कोणी म्हणाले, तर आदरपूर्वक दुसरे शिक्षक शोधावेत.

भाषा हे ओझे नव्हे

मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने अर्जच करीत नाहीत. इंग्रजी लागते, हे खरे. आयईएल्टीएस किंवा टोफेल ह्या परीक्षांची तयारी वर्षभर रोज तासभर केल्यास साधते. जीआरई ही परीक्षा मात्र अमेरिकेतील अनेक मानवशास्त्र विभागांनी अलीकडच्या वर्षांत वगळली आहे. तेव्हा ज्या विभागात अर्ज करावयाचा, त्याची अट पाहूनच तिच्यावर खर्च करावा.

पण दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. परदेशी संशोधकाला मराठी शिकण्यात दोन-तीन वर्षे घालवावी लागतात. तुम्हांला ती जन्मजात येते. गडहिंग्लज, शिरोळ भागातील विद्यार्थ्याला कानडीही येत असते. ह्यात मोडी लिपीची भर घातली, तर कोल्हापूरच्या पुरालेखागारातील कागद वाचता येतात. ह्या सर्व गोष्टी अर्जात ठळकपणे लिहाव्यात.

अर्ज कोठे करावा?

आपल्याला सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग. दिल्ली, हैदराबाद, सागर येथील केंद्रीय विद्यापीठांत ह्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण आहे आणि तेथील प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेचे अभ्यासक्रमही जवळचे आहेत. समाजशास्त्र, इतिहास, मराठी, भूगोल, प्राणिशास्त्र ह्यांतील पदवीधरांनाही बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा मार्ग असतो. शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हाताशी आहे. प्रवेश परीक्षेची पुस्तके मिळवण्यासाठी पुण्याला धावण्याआधी तेथील कपाटे पाहावीत.

पुढे संशोधनाकडे वळावयाचे असल्यास यूजीसी-नेट परीक्षेत मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही नेटचे गुण ग्राह्य धरण्याची व्यवस्था झाली असून तीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे.

परदेशाचा विचार करताना एक भेद ध्यानात ठेवावा. ब्रिटनमधील एम.ए. एका वर्षाचे असते. तीन वर्षांची पदवी तेथे चालते, पण शुल्क मोठे असते. अमेरिकेतील पीएच.डी. पाच-सात वर्षांची असते. प्रवेश कठीण असतो, परंतु निवड झाल्यास बहुधा शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. तेथील काही विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट घालतात. २०२५ मध्ये अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी निधीअभावी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या किंवा प्रवेश तात्पुरते थांबवले. म्हणून केवळ एका देशावर भिस्त ठेवू नये.

पैशाचा प्रश्न

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. त्यांत भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह होते. डॉ. आंबेडकरांना अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाताना शाहू महाराजांनी साहाय्य केले. त्यांच्याच नावाने आज महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना दिली जाते. अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्त जाती आणि अल्पसंख्याक ह्यांच्यासाठी त्या त्या विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत.

ह्या संदर्भात आपल्या समाजातील पालकांनी काही बाबी नीट समजून घ्याव्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे त्या प्रवर्गाच्या शिष्यवृत्त्या त्यांना खुल्या नाहीत. महाराष्ट्रात त्यांचा समावेश इतर मागास वर्गात होतो. आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्मामुळे जात नाही. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी 'पढो परदेस' योजना ह्या दोन्ही केंद्र शासनाने २०२२-२३ पासून बंद केल्या. जुन्या पुस्तिकांतील माहितीवर विसंबून राहू नये.

आणखी एक गोष्ट मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विशेष लागू पडते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. दुर्बल घटकांतील मुलांसाठी असलेल्या ह्या योजनेतून आपल्याच समाजाचा परदेशात अभ्यास करण्याची वाट त्यामुळे अडली. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली शब्दशः वाचावी आणि त्यानुसार दुसऱ्या वाटाही शोधाव्यात. १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. चेव्हनिंग, राष्ट्रकुल, इनलॅक्स आणि फेलिक्स ह्या शिष्यवृत्त्याही आहेत. देशात नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. अर्जशुल्क परवडत नसल्यास अनेक अमेरिकन विद्यापीठे विनंतीवरून ते माफ करतात. त्यासाठी नम्र ई-मेल पुरतो.

वर्षभराचे वेळापत्रक

परदेशी प्रवेश सप्टेंबरमध्ये हवा असल्यास तयारी त्याआधी दीड वर्ष सुरू व्हावी. उन्हाळ्याच्या सुटीत क्षेत्रकार्य व वाचन करावे. जून-जुलैत प्रश्न निश्चित करून विभागांची यादी बनवावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भाषेची परीक्षा द्यावी, शिक्षकांना शिफारसपत्रांची विनंती करावी आणि विद्यापीठातून गुणपत्रिकांच्या अधिकृत प्रती मागवाव्यात, कारण त्यांना वेळ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेतुपत्राचे तीन-चार मसुदे व्हावेत. अमेरिकेतील बहुतेक अंतिम तारखा डिसेंबरच्या आसपास असतात. सीयूईटी-पीजी साधारणपणे मार्चमध्ये होते, तिचा अर्ज त्याआधीच भरावा लागतो. पासपोर्ट, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आदी कागद सुरुवातीलाच काढून ठेवावेत. चांगले अर्ज ह्या कागदांअभावी अडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांचे ऋण

मानवशास्त्राचा इतिहास निष्कलंक नाही. वसाहतींच्या काळात राज्यकर्त्यांनी लोकांची डोकी मोजली, जमातींना 'गुन्हेगार' ठरवले आणि त्यात ह्या विद्येचाही वापर झाला. म्हणून आज प्रत्येक चांगले विद्यापीठ संशोधनाच्या नीतिनियमांविषयी विचारते. समोरच्याला आपण कोण आहोत व काय करीत आहोत हे सांगितले काय? त्याची संमती घेतली काय? नाव प्रसिद्ध झाल्याने त्याचे नुकसान होणार नाही ना? देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या वृद्धेची कहाणी किंवा ऊसतोड मजुराच्या कर्जाचा तपशील हा अर्ज सजवण्याचा दागिना नव्हे. ह्या प्रश्नांचा विचार केल्याची खूण अर्जात दिसावी, पण त्याआधी ती वागण्यात असावी. स्वतःच्याच समाजात काम करणाऱ्याने तर अधिक जपावे, कारण त्याला उद्या त्याच गल्लीत राहावयाचे असते.

पालकांना शेवटी एक विनंती. 'ह्या शिक्षणाने नोकरी लागेल काय?' हा आपला प्रश्न रास्त आहे. अध्यापन, संग्रहालये, आरोग्य व ग्रामविकासाचे प्रकल्प, सर्वेक्षण संस्था, पत्रकारिता अशा वाटा आहेत, मात्र त्या सरळ व झटपट नाहीत, हे मुलांशी मोकळेपणे बोलावे. त्याचबरोबर हेही पाहावे की आपल्या नदीकाठच्या, गुऱ्हाळावरच्या, चर्मकार वस्तीतल्या माणसांविषयी फार काळ इतरांनीच लिहिले. त्या वस्तीतून आलेली मुलगी जेव्हा वही उघडून तारीख टाकते आणि आपल्या आजीचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेते, तेव्हा तिच्या अर्जाची पहिली ओळ लिहून झालेली असते. तिला वेळ द्यावा, प्रोत्साहन द्यावे आणि तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपणही सवडीने द्यावीत.